महाधिवक्तापदाचा रस्ता सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातून जातो का?

सोलापुरात विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारले आहेत. राज्याचा महाधिवक्ता, म्हणजे अ‍ॅडव्होकेट जनरल, होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते? जिल्हा सरकारी वकिलापासून बढती मिळत मिळत तिथवर पोहोचता येते का? त्यासाठी राजकीय ओळख लागते का? आणि मराठी माध्यमात शिकलेल्या, घरात कोणीही वकील नसलेल्या मुलाने हे मनात तरी आणावे का? घरच्यांचा आग्रह न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात तीस वर्षांहून अधिक काळ वकिली केली आणि त्यांपैकी काही वर्षे सरकारी वकील म्हणून काम पाहिले. महाधिवक्ता मी झालो नाही आणि होण्याच्या वाटेवरही नव्हतो; पण सरकारची बाजू मांडण्याचे काम तळाशी कसे चालते आणि त्याचा परिणाम वर कुठे जाणवतो, हे जवळून पाहिले आहे. त्या मर्यादेत राहून उत्तर देतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतील. परीक्षा नाही आणि बढतीही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात, आणि ज्याची नेमणूक करायची ती व्यक्ती उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असली पाहिजे, एवढीच अट आहे. ती पात्रता अनुच्छेद २१७ मध्ये दिली आहे : भारताचे नागरिकत्व आणि उच्च न्यायालयाचा वकील म्हणून किमान दहा वर्षे किंवा दहा वर्षे न्यायिक पद. राज्यपाल हे मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करतात, हे वेगळे सांगायला नको. पदाला ठरावीक मुदत नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ते पद राहते, आणि मानधनही राज्यपाल ठरवतील ते. केंद्रात हेच काम महान्यायवादी, म्हणजे आपण ज्यांना अ‍ॅटर्नी जनरल म्हणतो ते, अनुच्छेद ७६ खाली करतात. त्यांच्यासाठी पात्रता सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची आहे.

दुसऱ्या प्रश्नामागे एक गैरसमज आहे आणि तो केवळ विद्यार्थ्यांमध्ये नाही, पक्षकारांमध्येही आहे. 'सरकारी वकील' या एकाच शब्दाखाली आपण तीन-चार निरनिराळ्या व्यवस्था कोंबतो. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात फौजदारी खटला चालवणारे सहायक सरकारी अभियोक्ता हे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून निवडलेले नियमित शासकीय अधिकारी असतात. त्यांची बढती अभियोग संचालनालयात होते आणि निवृत्तिवेतनाचा हिशेबही त्याच सेवेतला असतो. सत्र न्यायालयात उभे राहणारे जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील हे मात्र खासगी वकिली करणारेच वकील असतात, ज्यांना सरकार ठरावीक मुदतीसाठी नेमते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे त्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते आणि जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी तयार करतात; विशेष सरकारी वकील नेमायचा असेल तर दहा वर्षे लागतात. उच्च न्यायालयातील सरकारी वकील आणि त्यांचे सहायक ही आणखी वेगळी नेमणूक. या सर्वांच्या वर महाधिवक्ता आहेत खरे, पण ते शिडीच्या शेवटच्या पायरीवर नाहीत, कारण शिडीच नाही. खालच्या पदावर उत्तम काम केल्याने वरच्या पदावर हक्क निर्माण होत नाही, आणि खालच्या पदावर कधीच काम न केलेला वकील थेट वर नेमला जाऊ शकतो.

महापालिकेचा वकील हाही सरकारी वकील नव्हे, हे जाता जाता सांगतो. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी महापालिकेने २०२३ मध्ये पाडली तेव्हा त्या वादात 'सरकारी वकिलांनी काय केले' असे मला चार जणांनी तरी विचारले असेल. महापालिका ही कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, तिचे वकील ती स्वतः नेमते.

मग महाधिवक्ता करतात काय? घटनेच्या भाषेत, राज्यपाल सोपवतील त्या कायदेविषयक बाबींवर राज्य शासनाला सल्ला देणे आणि कायद्याने नेमून दिलेली कामे करणे. अनुच्छेद १७७ मुळे त्यांना विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलण्याचा अधिकार आहे, मतदानाचा नाही. न्यायालयाच्या अवमान कायद्याच्या कलम १५ प्रमाणे कोणा खासगी व्यक्तीला उच्च न्यायालयात फौजदारी स्वरूपाच्या अवमानाची कारवाई मागायची असेल तर महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. म्हणजे सत्ताधाऱ्यांना अडचणीची ठरणारी किंवा सोयीची वाटणारी याचिका पुढे जाऊ द्यायची की नाही, हे एकट्या माणसाच्या सहीवर येते. राज्य वकील परिषदेचे ते पदसिद्ध सदस्य असतात. याशिवाय राज्याने केलेल्या कायद्याच्या वैधतेला आव्हान मिळाले की तो कायदा वाचवण्याचे काम त्यांच्याकडे येते.

ही यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. जे तिथे सहसा मिळत नाही, ते सांगण्यासाठीच हे लांब उत्तर लिहीत आहे. महाधिवक्त्याच्या कामाचा गाभा युक्तिवादात नसून विधान करण्यात आहे. उच्च न्यायालयाचे आदेश वाचण्याची सवय लावून घेतलीत तर एक वाक्य तुम्हाला वारंवार भेटेल : राज्याच्या महाधिवक्त्यांनी असे विधान केले की पुढील तारखेपर्यंत ही कारवाई केली जाणार नाही, हे विधान नोंदवून घेण्यात येत आहे. शपथपत्र नाही, कागद नाही. एक माणूस उभा राहून बोलला आणि न्यायालयाने ते राज्याचे वचन मानले. मनाईहुकूम देण्याची गरज त्या वाक्याने टळते. उद्या मंत्रालयातून त्याच्या उलट काही घडले तर अडचणीत राज्य येतेच, पण त्या माणसाचा शब्द कायमचा हलका होतो. हे असे बोलता येण्यासाठी दोन गोष्टी लागतात : न्यायालयाचा विश्वास, आणि आपल्या पक्षकाराला, म्हणजे साक्षात शासनाला, 'हे तुम्हाला करता येणार नाही' असे आधी दालनात सांगून ते मान्य करून घेण्याची ताकद. माझ्या मते या पदाची कारकीर्द म्हणजे असा शब्द वर्षानुवर्षे कमावत जाणे, आणि ती कमाई जिल्हा न्यायालयात पहिल्या दिवसापासून सुरू होते किंवा पहिल्या दिवसापासून बुडते.

माझी स्वतःची बुडालेली कमाई सांगतो. सरकारी वकील म्हणून नेमणूक होऊन फार दिवस झाले नव्हते. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे एक प्रकरण होते. शेतकऱ्याचे म्हणणे, शेजारच्या जमिनीला जास्त भाव होता. संपादन करणाऱ्या कार्यालयाच्या फायलीत, सुनावणीच्या आदल्या रात्री, मला त्याच गावातले एक खरेदीखत दिसले, आणि त्यातला भाव शेतकऱ्याच्या म्हणण्याला धरून होता. ते दाखल करणे हे माझे काम नाही, पुरावा देण्याचा भार त्याचा आहे, असे मी स्वतःला समजावले आणि दुसऱ्या दिवशी 'तुलनेसाठी योग्य असा व्यवहार उपलब्ध नाही' असे बोलून बसलो. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच खरेदीखताची प्रमाणित नक्कल आणली. न्यायाधीशांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "सरकारी वकील, हे तुमच्या फायलीत नव्हते का?" मी उत्तर दिले नाही. त्यांनी ताशेरे ओढले नाहीत, तक्रार केली नाही. पण त्यांची बदली होईपर्यंत माझे एकही म्हणणे त्यांनी कागदाशिवाय स्वीकारले नाही. मुदत मागितली तरी अर्ज द्यावा लागे. शेजारच्या न्यायदालनात माझ्याहून कनिष्ठ सहकारी नुसते उभे राहून 'दोन आठवड्यांत अहवाल येईल' म्हणत आणि ते मान्य होई. पुराव्याच्या भाराविषयीचे माझे तर्कशास्त्र खासगी वकिलाच्या बाबतीत कदाचित चालले असते. सरकारी वकिलाने मात्र माहीत असलेली गोष्ट उपलब्ध नाही म्हणणे हे खोटे बोलणेच होते, आणि ते मला कळायला ती नजर लागली.

सोलापूर जिल्ह्यातील सरकारी दिवाणी काम हे बऱ्याच अंशी भूसंपादनाचे काम राहिले आहे. उजनी धरण, त्याचे कालवे, रस्ते, पुनर्वसनाच्या जमिनी यांतून निघालेल्या प्रकरणांवर आमच्या पिढीतल्या अनेक वकिलांची घरे चालली. जुन्या १८९४ च्या कायद्यातील कलम १८ खालचे संदर्भ अर्ज (मोबदला वाढवून मिळावा म्हणून न्यायालयाकडे येणारे) आणि त्यामागून येणारे कलम २८-अ चे अर्ज (शेजाऱ्याला वाढवून मिळाला तोच दर आपल्यालाही मागणारे), आणि आता २०१३ च्या कायद्याखालची प्रकरणे, यांत एका गावाच्या एका निवाड्यावर शेकडो खातेदारांचे पैसे अवलंबून असतात. इथे एक विलक्षण शिक्षण मिळते : सरकारने एका प्रकरणात घेतलेली भूमिका हजार प्रकरणांत त्याला चिकटते. खासगी पक्षकाराचा वकील आजचा दावा जिंकण्याचा विचार करतो. सरकारच्या वकिलाला आज जिंकताना उद्या काय हरू, हे पाहावे लागते. महाधिवक्ता राज्याच्या पातळीवर हाच विचार करतात. आरक्षणाच्या, शेतीच्या किंवा सहकाराच्या प्रकरणात आज घेतलेली कायदेशीर भूमिका दुसऱ्या खात्याच्या प्रकरणात आपल्याच अंगावर येईल का, हे पाहणारे राज्यात फार थोडे लोक असतात.

दुसरे शिक्षण परिच्छेदनिहाय अभिप्रायांचे, म्हणजे दाव्यातील प्रत्येक परिच्छेदावर संबंधित कार्यालय जे म्हणणे कळवते त्याचे. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. कायद्याचा हेतू असा की या काळात शासनाने विचार करावा, चूक असेल तर सुधारावी आणि दावा टाळावा. प्रत्यक्षात ती नोटीस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते, आणि दावा दाखल झाल्यावर सरकारी वकिलाकडे जे अभिप्राय येतात त्यांत 'परिच्छेद १ : मान्य नाही, परिच्छेद २ : मान्य नाही' यापलीकडे काही नसते. तलाठ्याला आणि मंडल अधिकाऱ्याला समोर बसवून फेरफाराची नोंद कोणत्या दिवशी आणि कशाच्या आधारे झाली हे काढून घेणे, मूळ मोजणी नकाशा मागवणे, आणि त्यातून जे निघेल ते कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, खरे लिहिणे, हे कष्टाचे आणि बिनकौतुकाचे काम आहे. या कामाला कंटाळणाऱ्याने वरच्या पदाची स्वप्ने पाहू नयेत, कारण उच्च न्यायालयात महाधिवक्त्यांच्या हातात येणारे शपथपत्र शेवटी याच टेबलांवर तयार झालेले असते.

तिसरे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे अपिलाविषयीचा अभिप्राय. सरकार दावा हरले की हे प्रकरण अपील करण्यायोग्य आहे किंवा नाही, असा लेखी अभिप्राय सरकारी वकिलाने द्यायचा असतो, आणि तो विधी व न्याय विभागाच्या विचारासाठी जातो. 'अपील करावे' असे लिहिणे सर्वांना सोयीचे असते. अधिकाऱ्यावर ठपका येत नाही, वकिलाला कोणी विचारत नाही, आणि निकाल लागेपर्यंत सगळ्यांच्या बदल्या झालेल्या असतात. 'न्यायालयाचा निकाल बरोबर आहे, पैसे देऊन टाकावेत' असे सकारण लिहायला धैर्य लागते आणि अभ्यासही लागतो. त्या एका कागदावरून वकील कोण आहे हे कळते, असे माझे मत झाले आहे. मुदतीचा प्रश्न तर आहेच : उच्च न्यायालयातील दिवाणी अपिलाला नव्वद दिवस आणि जिल्हा न्यायालयातील अपिलाला तीस. फाइल फिरत राहिली म्हणून उशीर झाला, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लिव्हिंग मीडिया प्रकरणात नाकारली, तरी ती अजूनही विलंबमाफीच्या प्रत्येक अर्जात सापडते.

आपल्याच जिल्ह्यातून निघून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेले प्रकरण पाहायचे असेल तर पंढरपूरचे पाहावे. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे मंदिरातील वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ चा. त्या हक्कांच्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा पडदा टाकला तो जानेवारी २०१४ मध्ये. या चार दशकांत किती सरकारे आली आणि गेली, किती महाधिवक्ते आणि किती सरकारी वकील बदलले, याचा हिशेब करा. भूमिका मात्र एकच राहावी लागली. तसाच सीमाप्रश्नाचा दावा. महाजन आयोगाने १९६७ मध्ये अक्कलकोटसह दक्षिण सोलापूर भागातील गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली होती, म्हणून हा विषय आपल्यासाठी केवळ बेळगावचा नाही. महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा लावला तो २००४ मध्ये. त्या दाव्याचा पक्षकार एखादा पक्ष किंवा मुख्यमंत्री नाही, महाराष्ट्र राज्य आहे. महाधिवक्त्याचा पक्षकार कोण, या प्रश्नाचे उत्तर या दोन प्रकरणांत मिळते.

हाच प्रश्न मोठ्या माणसांच्या कारकिर्दीतही निर्णायक ठरला आहे. मोतीलाल सेटलवाड १९३७ ते १९४२ या काळात मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते आणि १९५० मध्ये भारताचे पहिले महान्यायवादी झाले. आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीवरून गाजलेल्या मुंदडा प्रकरणाची चौकशी १९५८ मध्ये न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगापुढे चालली, तेव्हा सेटलवाड यांनी सरकारचा बचाव करण्याऐवजी जे घडले ते आयोगापुढे मांडले, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सेटलवाड मात्र १९६३ पर्यंत पदावर राहिले. सरकारला अडचणीत आणणाऱ्या विधी अधिकाऱ्याला सरकारनेच आणखी पाच वर्षे ठेवले, ही गोष्ट दोघांच्याही बाजूने बोलते.

त्याच्या उलट टोकाला निरेन डे. आणीबाणीत, १९७६ मध्ये निकाल लागलेल्या स्थानबद्धांच्या प्रकरणात, न्यायमूर्ती खन्ना यांनी त्यांना विचारले की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर दाद मागता येईल का. आणि महान्यायवादी म्हणून त्यांनी सांगितले की आणीबाणी आहे तोवर न्यायालयात दाद नाही, जरी ही गोष्ट आपल्या सदसद्विवेकाला धक्का देणारी असली तरी. काही जण म्हणतात की हे बोलून त्यांनी सरकारच्या भूमिकेचे खरे रूप न्यायालयापुढे उघडे केले. असेलही. पण ज्या विधानाने स्वतःचे मन हादरते ते राज्याच्या वतीने करण्याऐवजी पद सोडता येते, हा पर्याय प्रत्येक विधी अधिकाऱ्याकडे असतो आणि तो त्यांनी वापरला नाही.

महाराष्ट्रात या पदाचे नाव निघाले की एच. एम. सीरवाई आठवतात. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे ते महाधिवक्ता होते. केशवानंद भारती प्रकरणात केरळ राज्यातर्फे त्यांनी संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही अशी बाजू मांडली, आणि आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर घटनेच्या मूलभूत संरचनेचा सिद्धांत, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही हा विचार, योग्य असल्याचे स्वतःच्या ग्रंथात लिहून मोकळे झाले. राज्याची भूमिका मांडणे आणि स्वतःचे मत प्रामाणिकपणे तपासत राहणे या दोन गोष्टी एका माणसात राहू शकतात. गुलाम वहानवटी १९९९ ते २००४ महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते, पुढे सॉलिसिटर जनरल आणि २००९ मध्ये महान्यायवादी झाले. यशवंतराव चंद्रचूड हे मुंबई उच्च न्यायालयात सहायक सरकारी वकील, मग सरकारी वकील, मग १९६१ मध्ये न्यायाधीश आणि शेवटी देशाचे सरन्यायाधीश. या तिघांचे रस्ते एकमेकांशी जुळत नाहीत, हे तुमच्या लक्षात येईल.

सोलापूरचे म्हणाल तर, मूळचे इथले आशुतोष कुंभकोणी २०१७ ते २०२२ या काळात राज्याचे महाधिवक्ता होते, आणि या काळात राज्यात एकमेकांविरुद्ध लढलेल्या पक्षांची सरकारे सत्तेवर येऊन गेली. सरन्यायाधीश झालेले उदय लळित यांचा जन्म सोलापूरचा, आजोबा इथले वकील. न्यायाधीश होण्यापूर्वी, २०११ मध्ये, टू-जी दूरसंचार परवान्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना विशेष सरकारी वकील नेमले होते. तेव्हा सोलापूरच्या मातीतून हे होत नाही, असे कोणी सांगितले तर मनावर घेऊ नका. मात्र दोघांचीही मोठी वकिली सोलापूरबाहेर झाली, हेही नजरेआड करू नका.

आता तिसरा प्रश्न, राजकीय ओळखीचा. टाळाटाळ न करता सांगतो : नेमणूक सरकार करते, म्हणून सरकारला तुम्ही माहीत असावे लागते. जिल्हा पातळीवर याचे रूप अधिक उघडे असते, सत्ता बदलली की सरकारी वकिलांची यादी बदलण्याच्या हालचाली सुरू होतात. उत्तर प्रदेश सरकारने १९९० मध्ये एका परिपत्रकाने राज्यातील सर्व जिल्हा सरकारी वकिलांना एकदम काढले, तेव्हा श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. हे काम सार्वजनिक स्वरूपाचे आहे आणि त्यात मनमानी चालणार नाही, असे त्याचे सार. पंजाबच्या ब्रिजेश्वरसिंग चहल प्रकरणात २०१६ मध्ये निवड पारदर्शक आणि गुणवत्तेवर असावी असेही सांगून झाले आहे. परिस्थिती काही अंशी सुधारली, पूर्ण नाही. महाधिवक्त्याला तर हे संरक्षणही फारसे उपयोगाचे नाही, कारण ते पदच मर्जीवर आहे. विदर्भ आणि मराठवाड्याच्या स्वतंत्र राज्याविषयीच्या वक्तव्यावरून वादळ उठले आणि राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी मार्च २०१६ मध्ये राजीनामा दिला. कायद्याच्या ज्ञानाचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणून माझा सल्ला असा की ओळख असावी, पण उपकार नसावेत. ज्याने पद मिळवून दिले त्याचा पहिला बेकायदा हट्ट पुरवला की दुसरा नाकारता येत नाही.

भाषेचा न्यूनगंड सोडा, पण इंग्रजीचा अभ्यास सोडू नका. आपल्या जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे, आणि इथले साक्षीदार अक्कलकोटकडचे असले तर कन्नडमिश्रित, पूर्व भागातले विडी कामगार असले तर तेलुगूमिश्रित मराठी बोलतात. त्यांची सरतपासणी घेताना, म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून त्यांना प्रश्न विचारताना, त्यांच्या तोंडचा शब्द न हरवता तो नोंदीत आणणे ही कला मुंबईतल्या बड्या चेंबरमध्ये शिकता येत नाही. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. दररोज एक निकालपत्र पूर्ण वाचून त्याचे एका पानाचे इंग्रजी टिपण काढा. मी स्वतः हे चाळिशीत सुरू केले, ते विशीत करायला हवे होते.

घरच्यांच्या आग्रहाविषयी. मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. म्हणजे परीक्षा द्यायची असो वा नसो, सनद घेऊन, ऑल इंडिया बार परीक्षा उत्तीर्ण होऊन न्यायालयात उभे राहणे तुम्हाला भागच आहे. त्या तीन वर्षांत निर्णय आपोआप होईल. पक्षकारांची गर्दी आणि सल्ला देण्याची जबाबदारी आवडली तर वकिलीत राहा; ऐकून घेऊन निर्णय देणे आवडले तर परीक्षा द्या, त्यात कमीपणा काही नाही.

राहण्याच्या ठिकाणाचा प्रश्न मात्र आता बदलला आहे आणि तुमच्या पिढीचा फायदा झाला आहे. आमच्या वेळी उच्च न्यायालय म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि सकाळी मुंबईत फोर्टमध्ये. महिन्यातून दोनदा गेले तरी तिथे कोणी ओळखत नसे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. तिथे सरकारची बाजू मांडायला सहायक सरकारी वकील लागतात, आणि पंढरपूर-सांगोल्याच्या जमिनींचे कागद वाचता येणारे लोक तिथे कमी आहेत. महाधिवक्त्याचे काम मुख्यतः उच्च न्यायालयात चालते, हे लक्षात घेतले तर कोल्हापूरचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या हिशेबाने पहिली चार-पाच वर्षे सोलापुरात, दिवाणी आणि सत्र दोन्ही कामे करणाऱ्या सिनिअरकडे काढावीत, त्यांतला काही काळ तरी सरकारी पॅनेलवरील वकिलाच्या हाताखाली असावा, आणि मग कोल्हापुरात किंवा मुंबईत बिऱ्हाड करावे. थेट पदवीनंतर मुंबई गाठणारे मूळ साक्षीपुरावा कधी हाताळत नाहीत आणि ते पुढे जाणवते. सोलापुरातच पंधरा वर्षे रमणारे मग हलत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगतो.

पैशाचे विचारले नाही, पण विचारायला हवे होते. सरकारी वकिलाला पगार नसतो, शासन निर्णयाने ठरलेली फी असते, आणि ती बिले मंजूर होऊन हातात पडायला इतका काळ जातो की कोणी त्यावर घरभाड्याचा हिशेब बसवू नये. शिवाय सरकारविरुद्धची कामे बंद होतात, आणि जिल्ह्यात चांगले पैसे देणारी बरीच कामे सरकारविरुद्धचीच असतात. नेमणूक स्वीकारण्यापूर्वी घरात किमान एक वर्षाचा खर्च बाजूला असावा. ज्याला पैशाची निकड आहे त्याला अधिकाऱ्याच्या तोंडावर 'अपील करू नका' असे लिहून देणे जड जाते.

तुमची परीक्षा संपली की उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एक काम करा. जिल्हा न्यायालयात जाऊन भूसंपादनाच्या संदर्भ अर्जाच्या सुनावणीला सलग तीन दिवस मागच्या बाकावर बसा, आणि सरकारी वकील उभे राहून बोलतात तेव्हा न्यायाधीश त्यांच्याकडे पाहतात की समोरच्या कागदाकडे, एवढेच टिपून ठेवा.